एक शब्द काढला तेव्हा

"शब्द काढायचा नसतो, झाकून ठेवायचा असतो," असं कोशवाले नेहमी म्हणायचे. शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत बसून त्यांनी इंग्रजी शब्दांचा, त्यांच्या अर्थांचा एक संच जमवला होता. फुकट. कुणीही आपल्या प्रोग्रामला जोडावा आणि वापरावा. बाहेर शिंपी काजं करायचा, तितक्याच सावकाश हे आत अर्थ लिहायचे.

एका शाळेतल्या बाई एक घाणेरडा शब्द काढा म्हणून सारख्या मागे लागल्या होत्या. त्या सकाळी कोशवाले वैतागले आणि त्यांनी तो शब्द मुळापासून उपटला. नवा संच जिथेतिथे पोचला.

दुपारी थोरल्या बहिणीचा फोन. ती दवाखान्यात नर्स. औषधावरचं इंग्रजी अडलं की तिथे पडद्यावर याच संचातून अर्थ बघत.

"अरे, 'स्वॅलो' म्हणजे काय?"

"गिळणे. अक्का, तुला माहीत नाही?"

"मला माहीत आहे रे शहाण्या! तुझ्या कोशाला नाही. दलदल म्हणतोय!"

कोशवाल्यांना सकाळी उपटलेला शब्द आठवला. प्रत्येक शब्दाला जागेचा क्रमांक होता, आणि दवाखान्याचा प्रोग्राम क्रमांकावरूनच अर्थ मागायचा. मधला एक उठला, तशी मागची सगळी रांग सरकली. आता प्रत्येक शब्दाच्या गळ्यात शेजाऱ्याचा अर्थ.

"कुणाला काही दिलंस का?"

"मी थांबलेय. पण वर नव्या पोरी आहेत. त्यांना पडदा सांगेल ते खरं. वर फोन कुणी उचलत नाही, आणि मला वॉर्ड सोडता येत नाही."

कोशवाल्यांनी शब्द जागेवर बसवला, संच पाठवला. पण दवाखान्यातले पडदे दुपारचा संच घेऊन बसले होते; पुढचा ते संध्याकाळशिवाय घेत नसत. कोशवाले चपला अडकवून पळत सुटले.

जिन्याला लागूनच अक्काचा वॉर्ड; दारातूनच तिनं हात आडवा घातला. "यंत्र बिघडलं म्हण. नाहीतर तुझा कोश इथून हाकलतील."

"यंत्र धडधाकट आहे, अक्का. सरक."

वरच्या पहिल्याच खोलीत एका पोरीनं म्हाताऱ्याच्या ओठांना पेला लावला होता.

"थांबा! ते चोळायचं औषध आहे का प्यायचं?"

"तुम्ही कोण?"

"पडद्यावरचे अर्थ चुकलेत. मीच चुकवलेत. बाटली मोठ्या नर्सला दाखवा, पडदा बंद करा."

पोरीनं बाटली हुंगली आणि तिचा चेहरा उतरला; चोळायचंच औषध होतं. पेला हळूच खाली आला. तोवर कोशवाले पुढच्या खोलीच्या दाराशी होते, मग त्याच्या पुढच्या. हातात पेला धरून ती पोरगी, आणि उघड्या तोंडानं तो म्हातारा, त्यांच्या पाठीकडे बघत राहिले.