कबुतरांसाठी बांधलेली फीत

हिचं कपाट आवरताना कॅसेटची रिकामी डबी सापडली. वर टीव्ही मालिकेतल्या सोळा वर्षांच्या पोराचा फोटो, त्याचा पहिलाच अल्बम. हिनं मला डोंबिवलीहून ठाण्यात नौपाड्याला पिटाळून आणवलेला. मग दिवसभर तेच चालू. एकदा कामावरून आलो, तर चहासुद्धा विचारला नाही.

"अहो, पोराच्या वयाचा तो. त्याच्यावर जळता?"

जळत होतो. फीत ओढून काढली आणि कबुतरं येऊ नयेत म्हणून खिडकीच्या ग्रीलला बांधून टाकली. ही भांडली नाही. तिथंच कपडे वाळत घालत सगळी गाणी तोंडपाठ गायली. त्या पोरापेक्षा बरी गात होती, म्हणून मी मुद्दाम रेडिओ मोठा केला.

तिला जाऊन वर्ष होत आलं. तो मात्र अजून गातो म्हणे. मला तो आजही बघवत नाही.