शर्टवाल्या बाईचं घर

शेवटची भेट झाली तेव्हा मंगलवहिनी दवाखान्यातल्या खाटेवर पडून सिस्टरच्या पाठीकडे बघत होती. सलाईन बदलायला आलेली ती मुलगी बिचारी घाईत होती. वहिनी तिला म्हणाली, "सिस्टर, जरा तिकडं वळता का... मागचा टक्स कुठून घेतलाय ते बघायचंय." मुलगी गोंधळून वळली. वहिनीनं पाठीवरची ती शिवलेली चुणी निरखून पाहिली आणि मला हळूच सांगितलं, "ताई, टक्स बराबर हाय, पण खिसा चुकलाय. सारखी वाकून राह्यली ती, पेन पडणारच." दोन दिवसांनी दादाचा, माझ्या थोरल्या भावाचा, फोन आला. वहिनी गेली होती. आता महिना उलटून गेला आहे. रस्त्यात कुणाचाही गणवेश दिसला की माझी नजर आधी खिशाकडे जाते. ही खोड तिची, मला कधी लागली कोण जाणे.

लग्न होऊन ती आमच्या कुंभार पिंपळगावच्या घरात आली ती शिलाई मशीन घेऊनच. बाजाराच्या दिवशी आसपासच्या बायका भाजीच्या पिशवीतच ब्लाऊजपीस घालून यायच्या आणि ओसरीवर बसायच्या. वहिनी माप घ्यायची कमी, विचारायची जास्त. पाणी किती लांबून आणता, लेकरू कोणत्या कडेवर घेता, भाकरी चुलीवर करता की गॅसवर. मी चिडवायची, "वहिनी, ब्लाऊज शिवायचाय की सोयरीक जुळवायचीय?" ती म्हणायची, "ब्लाऊज उगं एका जागी उसवतं का, ताई? माणूस जसं राबतंय तसं उसवतंय." पुढे तिच्या लेकीनं, माझ्या भाचीनं, तिला 'काजंबटण' नावाचा ब्लॉग करून दिला. त्यात गळ्यांची डिझाईन कमी आणि असले शोधच जास्त असायचे. लोक वाचायचे, कुठकुठून प्रश्न विचारायचे आणि ती स्वयंपाक आटोपून एका बोटानं उत्तरं लिहायची.

मग तिच्या मुलाला, सागरला, जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत नोकरी लागली. दादाचे गुडघेही कुरकुरायला लागले होते. शेत बटाईनं देऊन सगळे जालन्याला आले, तिसऱ्या मजल्यावर. मी जालन्यातच शिक्षिका, त्यामुळे मला आनंदच झाला. मशीनही आली, पण तिच्यावर औषधांचा डबा, विजेची बिलं आणि रिमोट येऊन बसले. वहिनीनं फाटकावर पाटी लावली होती. पण ब्लाऊज शिवायला देणं म्हणजे आपलं नीट बसणारं मापाचं ब्लाऊज परक्या घरात ठेवून येणं. अनोळखी बाईकडे ते कोण ठेवणार? कुणी आलं नाही. ब्लॉगही बंद पडला. मी एकदा म्हटलं, "वाचणारे विचारतायत, लेखिकाबाईंनी संन्यास घेतला का?" ती हसली नाही. "काय लिहू? तिकडं मला नाव व्हतं, ताई. हितं मी सागरची आई. तीबी जिन्यापुरती." एवढी जिज्ञासू बाई कशातच लक्ष घालेना, याची मला खरोखर भीती वाटली.

कापूस वेचणीच्या दिवसांत एकदा तिला गॅलरीतून खालचा चौक दिसला. चौक आधीही तिथेच होता म्हणा. सकाळी शेतावर जाणाऱ्या बायका तिथे टेम्पोची वाट बघत उभ्या असतात. प्रत्येकीच्या साडीवर नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट. ऊन लागू नये, कपाशीच्या पऱ्हाटीनं हात ओरबाडू नयेत म्हणून आपल्याकडे ही रीतच आहे. वहिनीनं ती जन्मभर पाहिलेली, स्वतःही शर्ट घातलेला. पण गाव सुटल्यावर पहिल्यांदा तिला त्याचं नवल वाटलं. मला फोन करून म्हणाली, "इतक्या बाया, अन् एकीच्याबी मापाचा शर्ट न्हाई. ब्लाऊज जरा ढिलं झालं तर परत आणून देतात, अन् दिवसभर अंगावर असतंय ते मातर गड्याच्या मापाचं. असं कामून?"

ती खाली गेली आणि थेट विचारू लागली. त्यांच्यातली कमलबाई म्हणाली, "तुमी कंपनीच्या का सरकारच्या?" वहिनी म्हणाली, "मी वरच्या गॅलरीतली." मग हळूहळू कळत गेलं. खांदा कोपरापर्यंत ओघळतो, वाकलं की खिशातला मोबाईल मातीत पडतो, कापसासाठी कमरेला बांधलेल्या ओटीत शर्टाचा घोळ अडकतो. वहिनीनं मशीनवरचा पसारा उतरवला. गर्द निळं कापड आणून कमलबाईच्या मापाचा शर्ट शिवला, बाजूला चिरा ठेवल्या, खिशाला बटण लावलं. दोन-तीन दिवस ती गॅलरीतून बघत राहिली. कमलबाई आपल्या त्याच विटक्या शर्टात. शेवटी न राहवून खाली जाऊन विचारलं, तर उत्तर आलं, "नवा कपडा पऱ्हाटीत कोण घालतं, बाई? पेटीत ठेवलाय. लेकीकडं जाताना घालीन."

त्या संध्याकाळी मी गेले तेव्हा मशीन झाकलेली होती. वहिनीनं चहा दिला. मशीन आता पुन्हा बंद झाली तर ती उघडणार नाही, हे मला दिसत होतं. अर्धा कप झाल्यावर ती म्हणाली, "मजा बघा, ताई. मापाचा पाहिजे, पण नवा नको. जुना झाल्याबिगर शर्ट कामाचा होतच न्हाई... मंग म्या नवा कशाला शिवून राह्यले?" आणि उठून तिनं कपाटातून दादाचा रेघांचा शर्ट काढला. खांदे उसवले, बाह्या आखडल्या, हात वर जावा म्हणून काखेत चौकोनी तुकडा बसवला. तो शर्ट कमलबाईनं दुसऱ्या दिवशी घातला. मग बायका आपापल्या नवऱ्यांचे शर्ट घेऊन जिना चढू लागल्या. ब्लॉगवर 'नवा शर्ट का हरला' असा लेख आला आणि त्यानंतर दर आठवड्याला एक. दादा म्हणायचा, "बाहेर जाताना अंगात शर्ट हाय का न्हाई, बघून जावं लागतंय."

परवा दुपारी मी दादाकडे बसले होते. बेल वाजली. दारात पिशवी घेऊन एक अनोळखी बाई. "शर्टवाल्या बाईचं घर हेच का?" मी विचारलं, पत्ता कुणी दिला. "पत्ता न्हवताच. जाफराबादहून एसटीनं आल्ते. स्टँडवर रिक्षावाल्याला इचारलं, त्यानं दारात आणून सोडलं." पाणी दिलं आणि वहिनी गेल्याचं सांगितलं. ती ओशाळून म्हणाली, "मी बी शिवते. पोराच्या मोबाईलवर त्यांचं वाचून सगळं जमलं, निस्ता काखेतला तुकडा बसत न्हाई. तेवढंच पुसायचं व्हतं."

मला सुईत दोरा ओवण्यापलीकडे काही येत नाही. मी दादाकडे पाहिलं. वहिनी दवाखान्यात गेली त्या दिवशी मशीनच्या सुईखाली एक शर्ट दाबलेला होता. तो दादानं कुणाला हलवू दिला नव्हता, सागरलाही नाही. तो उठला, मशीनजवळ गेला, सुई वर करून त्यानं शर्ट काढला आणि त्या बाईच्या हातात दिला. "एका काखेचा तुकडा झालाय, एका काखेचा राह्यलाय. उसवून बघा, म्हंजी कळंल."

"उसवू?" ती म्हणाली. "त्यांच्या हातची शिवण हाय, दादा."

"उसवा. तिनं पण तेच सांगितलं असतं."

बाईनं पिशवीतून ब्लेड काढलं. वहिनीनं घातलेली शेवटची शिवण ती एकेक टाका निरखत उकलू लागली, आणि तिला नीट दिसावं म्हणून दादा खिडकीचा पडदा हातानं बाजूला धरून उभा राहिला.