मानेतलं इंजेक्शन आणि बुधवारची बोहणी

१९९४ सालच्या एप्रिलमध्ये, एका बुधवारी सकाळी, भाईंदर पूर्वेला स्टेशनजवळच्या एका नर्सिंग होममध्ये मला मानेत स्टिरॉइडचं पहिलं इंजेक्शन देण्यात आलं. एकूण तीन द्यायची होती, तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने. दुखणं चार वर्षांचं होतं.

मी एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. रात्रपाळीला पहिलं पान लावून घेण्याचं काम माझ्याकडे होतं. मजकूर तेव्हा ब्रोमाइडवर, म्हणजे फोटोच्या कागदावर निघायचा. तो कापून, उतरत्या काचेच्या टेबलावर पसरलेल्या मोठ्या कागदावर चिकटवायचा. चिकटवणारा वेगळा असे. उपसंपादकाने शेजारी उभं राहून, मान खाली घालून ओळ न ओळ बघायची. एक्स-रेमध्ये मणक्यांमधली जागा कमी झालेली दिसली. उजव्या हाताला मुंग्या येत. पट्टा, शेक, गोळ्या, वजन लावून मान ताणणं, सगळं करून झालं होतं. पावसाळ्यापर्यंत वाट पाहू, नाहीतर तुम्ही दिवसपाळीला पुरवणीवर जा, असं वृत्तसंपादकांनी सांगितलं होतं. मला पहिलं पान सोडायचं नव्हतं.

इंजेक्शन देणारे भूलतज्ज्ञ मुंबईहून फक्त बुधवारी येत. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. उपाशीपोटी यायचं आणि सोबत घरचं माणूस आणायचं. घरात कोणी नाही, असं मी सांगितलं.

“मग शेजारचं आणा,” ते म्हणाले. “एकट्याला मी सुई लावत नाही. रिक्षात चक्कर आली तर रिक्षावाल्याने तुम्हाला कुठे नेऊन सोडायचं?”

आई गेल्यावर गिरगावातली खोली विकून मी आदल्या वर्षी दिवाळीनंतर भाईंदरला आलो होतो. तळमजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. दुपारी निघायचो, परतायचो तेव्हा इमारत झोपलेली असे. समोरच्या दारातल्या गुजराती भाभींना पहिले काही महिने माझा फ्लॅट रिकामाच आहे असं वाटत होतं. हे त्यांनीच मला पुढे सांगितलं. त्यांचे यजमान सकाळी लवकर दुकानात जात. कार्यालयातले माझ्या पाळीचे लोक सकाळी झोपलेले असत. दिवसपाळीच्या लोकांशी माझा परिचय टेबलावर ठेवलेल्या चिठ्ठ्यांपुरता होता.

सकाळी माझं दार वाजवणारी व्यक्ती एकच होती. ती चौक नावाच्या कोळीवाड्यातून येणारी मासेवाली. उत्तनच्या बाजूने बसने भाईंदर पश्चिमेला यायचं, पूल चढून पूर्वेला उतरायचं आणि खारीगावापर्यंतच्या इमारती करायच्या, असा तिचा क्रम होता. आमच्या इमारतीत मासे खाणारी बिऱ्हाडं मोजकीच होती आणि माझं सोडलं तर सगळी वरच्या मजल्यांवर. जिन्यात टोपली टेकवायला सोसायटीची मनाई होती. त्यामुळे ती माझ्या उंबऱ्यात टोपली उतरवायची, दम खायची आणि मला हाक मारायची. हिवाळ्यात एकदा तिची बोहणी माझ्याकडे झाली आणि दुपारच्या आत टोपली रिकामी झाली. तेव्हापासून माझ्याकडे काहीतरी विकल्याशिवाय ती वर जात नसे. मी मांदेलीचा एक वाटा घेतला तरी चालायचं. नको म्हटलेलं चालायचं नाही. मी तिला मावशी म्हणायचो. सगळेच म्हणत.

त्या बुधवारी मी कपडे करून दारात उभा होतो. आज नको, असं मी सांगितलं.

“बोवनीला न्हाय म्हनतोस?” तिने टोपली उतरवली. “मान वाकडी होती, आता तोंड पन वाकडं झालं.”

मी उपाशी असल्याचं आणि मानेत सुई घ्यायला निघाल्याचं सांगितलं.

“संगती कोन हाय?”

“कोणी नाही.”

तिने टोपलीतून एक वाटा काढला. मग म्हणाली, “ही मांदेली घे पयली. उद्या खा. पाटी तुझ्या मोरीत ठेवते आनि येते.”

बुधवार हा तिच्या धंद्याचा दिवस होता. मंगळवारी न खाणारे लोक बुधवारी हमखास घेतात. तिने बर्फावर ओलं फडकं पसरलं, टोपली मोरीत सरकवली आणि हात धुतले. नर्सिंग होममधल्या नर्सने कोण लागता म्हणून विचारलं. मावशी, असं तिनेच सांगितलं. नर्सने ते केसपेपरवर लिहिलं आणि तिला बाकावर बसायला सांगितलं. ती बाकावर मांडी घालून बसली.

आत मला स्टुलावर बसवण्यात आलं. कपाळ समोरच्या टेबलावरच्या उशीवर टेकवायचं, हनुवटी छातीला लावायची आणि हलायचं नाही. म्हणजे पान लावताना मान जशी असते तशीच. आधी बधिर करण्याची बारीक सुई, मग जाड सुई. दुखलं नाही, दाब जाणवला. औषध जाताना खांद्याच्या आत काहीतरी थंड पसरल्यासारखं झालं आणि उजव्या हाताच्या बोटांपर्यंत एक झिणझिणी गेली. नर्सने दोन्ही खांदे धरून ठेवले होते. नंतर खाटेवर पडून राहायला सांगण्यात आलं. दर थोड्या वेळाने रक्तदाब बघितला जात होता. बाहेर मावशी शेजारच्या एका बाईला पापलेट ताजं कसं ओळखायचं ते सांगत होती. ते आत ऐकू येत होतं.

परतताना रिक्षात, रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला, तिने माझं डोकं मागून तळहाताने धरलं.

“हलकं हाय रे,” ती म्हणाली. “एवढी कागदं वाचतोस, मला वाटलं भरलेलं असंल.”

मोरीतली टोपली उचलून ती वर गेली तेव्हा बाराचा सुमार होता. वरच्या बिऱ्हाडांच्या भाज्या शिजून झाल्या होत्या. त्या दिवशी तिने बरेच मासे परत नेले, असं तिने दोन दिवसांनी सांगितलं. तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवसापासून दुखणं उतरलं. डॉक्टरांनी आधी कल्पना दिली होती त्याप्रमाणे चेहरा लाल झाला आणि दोन रात्री झोप आली नाही. पण पहिल्या पानाच्या टेबलावर मी शेवटपर्यंत उभा राहू लागलो. चिकटवणाऱ्याने हे सर्वांत आधी ओळखलं. आता तुम्ही मध्ये मध्ये वर बघत नाही, असं तो म्हणाला.

दुसरं इंजेक्शन मे महिन्यात झालं. या वेळी तिला तारीख आधीच माहीत होती. ती नेहमीपेक्षा लवकर आली, टोपली सरळ मोरीत ठेवली आणि कोळंबीचा एक वाटा माझ्या हातात दिला. नर्सने तिला ओळखलं. परतताना रिक्षात मी तिला तिसरी तारीख सांगितली. तोही बुधवारच होता, जूनच्या दुसऱ्या आठवड्यातला.

“तवा होड्या वर असतील,” ती म्हणाली.

होड्या किनाऱ्यावर ओढल्या म्हणजे मासे नाहीत. मासे नाहीत म्हणजे विक्री नाही आणि विक्री नाही म्हणजे तिची सकाळ मोकळी. मी असा अर्थ घेतला. मग बरंच झालं, असं मी म्हणालो. पुढच्या खड्ड्याला तिने माझं डोकं धरलं. रिक्षाचा आवाज फार होता. भाईंदरचा पावसाळा मी तोपर्यंत पाहिलेला नव्हता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात किनारपट्टीच्या वार्ताहराची बातमी माझ्या टेबलावर आली. मासेमारी थांबली, होड्या शाकारल्या गेल्या. दरवर्षी येते तशीच बातमी होती. मी ती आतल्या पानावर एक कॉलम दिली.

ठरलेल्या बुधवारी मी उपाशी राहिलो आणि दार उघडं ठेवून बसलो. दहापर्यंत कोणी आलं नाही. मी एकटा नर्सिंग होममध्ये गेलो. मावशी कुठे आहे, असं नर्सने विचारलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं नाही. पुढच्या बुधवारी कोणाला तरी घेऊन या, उशीर करू नका, पहिल्या दोन्हींचा परिणाम उतरायला लागेल, असं त्यांनी सांगितलं.

भाभींच्या यजमानांना मी विचारलं. दुकान बंद ठेवता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. ते वाईट वागले नाहीत. चहा दिला.

रविवारी मी चौकला गेलो. स्टेशनबाहेरून बस मिळाली. किनाऱ्यावर होड्या ओळीने झाकून ठेवल्या होत्या. एका घराच्या ओटीवर एक म्हातारी सुकटीची टोपली पाखडत बसली होती. भाईंदर पूर्वेला मासे विकायला जाणारी बाई कुठे राहते, असं मी तिला विचारलं.

“लय जनी जातात. नाव काय तिचं?”

मला नाव माहीत नव्हतं. वय साधारण पंचावन्न, उंची बेताची, एवढं सांगितलं. पावसात भाईंदरला कोणी जात नाही, बायका मासे खारवतात, कोणी भातलावणीला जातात, कोणी लेकीकडे जातात, असं तिने सांगितलं. मग माझ्या गळ्यातला पट्टा बघून विचारलं, “कोन लागते तुझी?”

मी परतीची बस घेतली.

पुढच्या बुधवारीही मी सोबत कोणाला नेऊ शकलो नाही, म्हणून गेलो नाही. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात हाताच्या मुंग्या परत सुरू झाल्या. एका रात्री बातमीचा मथळा मला वाकून बघता आला नाही आणि चिकटवणाऱ्याने तो मला मोठ्याने वाचून दाखवला. वृत्तसंपादक मागे उभे होते. ऑगस्टच्या एक तारखेपासून माझी बदली पुरवणीवर झाली. दिवसपाळी, पाककृती आणि राशिभविष्य. मी सकाळी आठला घर सोडू लागलो.

नारळी पौर्णिमेनंतरच्या बुधवारी मी संध्याकाळी घरी आलो तेव्हा भाभी दारातच उभ्या होत्या.

“आपकी मच्छीवाली आयी थी,” त्या म्हणाल्या. “मैंने बोला, वो अब सुबह जाते हैं. फिर भी बैठी रही.”

किती वेळ, असं मी विचारलं. ते त्यांना नक्की सांगता आलं नाही. टोपलीवरचं फडकं तिने काढलं नव्हतं, एवढं त्यांनी पाहिलं होतं. नंतर ती टोपली घेऊन जिना चढली. मी तिसऱ्या मजल्यावरच्या मासे घेणाऱ्या बिऱ्हाडात जाऊन विचारलं. त्यांनी तिच्याकडून सकाळी बोंबील घेतले होते. त्या दिवशीची तिची बोहणी तीच होती.