शेवंताबाईने काहीच न केलेले तीन दिवस

तर शेवंताबाईच्या हातात कोमट तेलाची वाटी, मांडीवर पुष्पाबाईची दोन तासांची नात, आणि नातीच्या डोक्यावर लिंबाएवढा फुगवटा. काल इथवर सांगून झालं होतं. काल जे नव्हते त्यांनी एवढंच धरून चालावं की साल छप्पन्न, शिंदखेड्याजवळचं आमचं गाव, शेवंताबाई गावची दाई, आणि मी लोटन, फायनल पास, सरकारी दवाखान्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर.

मूल जन्मलं की दाईनं तेल लावून त्याचं डोकं दाबायचं आणि गोल करायचं, अशी आमच्याकडची रीत. निम्म्या गावाची डोकी शेवंताबाईनेच वळलेली. माझंही. मागून जरा चपटं आहे. तिचं म्हणणं, मी तेव्हा स्वस्थ पडलो नाही.

त्या उन्हाळ्यात दवाखान्यात दायांचा वर्ग निघाला. डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या. त्या म्हणाल्या, "जन्मताना दाब पडून डोक्याला सूज येते. तिला कॅपुट म्हणतात. हात लावायचा नाही. दोन-तीन दिवसांत आपोआप ओसरते."

"मी दाबस, तवयच गोल व्हस," शेवंताबाई म्हणाली.

"न दाबताही होतं, बाई."

शेवंताबाईने बोटांवर वर्षं मोजली. मग म्हणाली, "मंग चाळीस वरीस मी काय करं?"

यावर डॉक्टरीणबाईंनी त्या कॅपुट शब्दाची हकिगत सांगायला घेतली. अडचणीत आली की शिकलेली माणसं असं करतात. कॅपुट म्हणजे जुन्या रोमी लोकांच्या लॅटिन भाषेत डोकं. त्या एका डोक्यातून पुढे काय काय निघालं, ते मी सगळं वहीत उतरवून घेतलं. मला असल्या गोष्टींचा भारी नाद.

परीक्षा अशी होती: प्रत्येक दाईनं एक बाळंतपण करायचं, तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई येऊन पाहणार. परीक्षेत उतरली तर पत्र्याची पेटी, आत कात्री, दोरा, साबण. नाही उतरली तर हिला घरात घेऊ नका, अशी दवंडी. शेवंताबाईच्या वाट्याला नेमकं पुष्पाबाईचं घर आलं. पुष्पाबाई बोलायला लागली की पोलीस पाटीलही उभा राहून ऐके.

"तुना हात बांधेल शेतस का वं?" पुष्पाबाई म्हणाली. "दाब ना! असा डोकानी पोरसंगे लगीन कोन करी?"

"याले कॅपुट म्हंतस, अक्का. हात लावानं नही."

"तू नही दाबशी ते मी दुसरी दाई बलावसू."

शेवंताबाईने वाटी खाली ठेवली नाही. पोरीच्या तळपायांना तेल चोळत ती शांतपणे म्हणाली, "अक्का, त्याच शब्दमाईन कप्तान निंघना. फौजनं डोकं, तो कप्तान."

पुष्पाबाईचा भाऊ फौजेत होता आणि बारा वर्षांत नाईकाच्या वर चढला नव्हता. पहिला दिवस त्यात गेला.

दुसऱ्या दिवशी शेवंताबाईने राजधानी काढली. राज्याचं डोकं म्हणून इंग्रजीत ती कॅपिटल.

"दिल्लीले डोकं शे?" पुष्पाबाईने विचारलं. हे दुपारपर्यंत पुरलं. मग पुस्तकातल्या धड्याचा इंग्रजी शब्द चॅप्टर, तोही त्यातूनच निघाल्याचं सांगून पाहिलं, पण पुष्पाबाईला धड्यात गोडी नव्हती. तिने स्वतःच तेलात बोटं बुडवली. शेवंताबाईने पोर चटकन बाळंतीण सुनेच्या पदराखाली सरकवली आणि दवाखान्याच्या वतीने अंगणात बसलेल्या मला हाक मारली, "लोटन, आजून काय निंघनं रे त्या डोकामाईन?"

मी वही चाळली. "गुरं! पूर्वी मालमत्ता डोक्यांवर मोजत, त्यावरून गुरांचा इंग्रजी शब्द, कॅटल."

"म्हशी बी?" पुष्पाबाईने बोटं पदराला पुसली आणि खाली बसली. तिच्या नऊ म्हशी होत्या. प्रत्येकीचं डोकं कसं आहे, हे तिने नावानिशी सांगितलं. तिसरी सकाळ उजाडली तरी दोन राहिल्या होत्या.

त्या संपल्या तेव्हा वहीत एकच ओळ उरली होती: आपलं कपाळ हा या कॅपुटचा लांबचा भाऊबंद असावा, पण पंडितांचं एकमत नाही.

"मंग पंडितले बलाव," पुष्पाबाई म्हणाली, आणि तेवढ्यात दारात डॉक्टरीणबाईंचा टांगा थांबला.

बाईंनी टोपडं सोडलं. डोकं मोसंबीसारखं गोल. पुष्पाबाईने ते चारही बाजूंनी पाहिलं आणि शेवंताबाईकडे वळली. "कवय दाबं वं तू, रातले का?"

बाई हसल्या, पेटी पुढे केली आणि मला रजिस्टर भरायला सांगितलं. त्यात एक रकाना होता: 'दाईने काय केले'. मी टाक बुडवून विचारलं, "मावशी, इथं काय लिहू?"

शेवंताबाईने आपले दोन्ही तळहात उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाली, "काहीच नही करं, असं लिख. पन ते मीच करं, हाई बी लिख."