भाऊजींचे रातकिडे आणि माझं सुवाच्य अक्षर

मुलांनो, तुमच्या आजोबांच्या मावसभावाइतका पसारा घालणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. आमच्याच घरी राहून निलंग्याच्या शाळेत भाऊजी विज्ञान शिकवत, पण जीव सगळा झुडपांवरच्या रातकिड्यांत. लग्नाच्या पंगतीत हातातला घास ताटात ठेवून ते कुंपणाकडे चालू लागत. माझ्या लोणच्याच्या बरण्या एकेक करून नाहीशा होत आणि आत किडे घेऊन परत येत. दिवेलागणीला पाहुणे आले, की भाऊजी ओठांवर बोट ठेवून म्हणत, "वहिनी, जरा गप बसा. तो बोलून राहिलाय." पाहुणे बिचारे गप बसत, मीच तेवढी आत जाऊन भांडी आपटत असे.

एका वर्षी दुष्काळात मी धुण्याचं पाणीसुद्धा जपून ठेवावं, आणि भाऊजींनी ते परसातल्या एका रानटी झुडपाला ओतावं. त्यावर त्यांना एक फिकट हिरवा किडा सापडला होता. पानाला भोक पाडून, त्यात पंख उभारून तो गायचा. त्याचा सूर आणि पंखांवरची दातेरी रेघ कुठल्याच पुस्तकाशी जुळत नव्हती.

"वहिनी, ही जातच नवी हाय. पुण्याच्या तज्ज्ञांनी हाव म्हटलं, की आपल्या निलंग्याचं नाव पुस्तकात येतंय बघा."

"आणि माझ्या धुण्याच्या पाण्याचं?"

"तळटीपेत घालतो की!"

वाळवलेले किडे काड्यापेट्यांत ठेवलेले, आणि सोबत गाव, जिल्हा, तारीख लिहिलेल्या चिठ्ठ्या. चिठ्ठ्या कसल्या, एसटीच्या तिकिटांच्या पाठी! पार्सल करायच्या दिवशी ते शाळेत होते आणि मला काही राहवलं नाही. सगळ्या चिठ्ठ्या मी पांढऱ्या कार्डावर सुवाच्य उतरवल्या. नुकताच लातूर जिल्हा झाला होता, म्हणून "उस्मानाबाद" होतं तिथे कर्तव्यबुद्धीने "लातूर" केलं. तारखा होत्या तशाच ठेवल्या. जुन्या चिठ्ठ्या बंबात घातल्या आणि पार्सल बांधून पोस्टात दिलं.

महिन्याने पुण्याहून उत्तर आलं. किडे पकडल्याच्या तारखांना लातूर जिल्हा अस्तित्वातच नव्हता. नोंदी मागाहून रचलेल्या दिसतात. मूळ चिठ्ठ्या पाठवा, नाहीतर नवा जिवंत नर.

चिठ्ठ्यांची राख झाली होती. मधल्या काळात टँकर यायचा थांबला होता आणि झुडपाच्याही काटक्या झाल्या होत्या. भाऊजींनी पत्र दोनदा वाचलं. मी बोलणी खायला तयार होऊन उभी होते.

"अक्षर मात्र लई सुरेख आलंय, वहिनी," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी माझ्या सगळ्या बरण्या घासूनपुसून फळीवर ओळीने लावलेल्या. तसा किडा त्यांना पुन्हा कधी सापडला नाही.

भाऊजींना जाऊन बरीच वर्षं झाली. इथे नांदेडला कुंड्या नीटनेटक्या करताना एखादं भोक पडलेलं पान दिसलं, की मी कात्री खाली ठेवते. दिवेलागणीला तुमचा फोन आला आणि मी लगेच उचलला नाही, तर रागावू नका. तेव्हा मी जरा गप बसलेली असते.