कुत्र्यांशी बोलायची भाषा

स्टर्जन नॅरोज या ओजिब्वे आदिवासींच्या वस्तीत शाळेची बस वर्ना केजिक चालवायची. बाई तोंडाची फटकळ. बर्फावर बस घसरली तरी तिची जीभ थांबायची नाही, आणि मागच्या बाकावर कुणी दंगा केला की त्याचा आजोबासुद्धा लहानपणी कसा वाह्यात होता ते सगळ्या बसला ऐकायला मिळायचं. पण हे सगळं इंग्रजीत. आपली ओजिब्वे भाषा तिला समजायची पुरती. बोलायची वेळ आली की मात्र दातखीळ बसायची. तिच्या वयाच्या निम्म्या वस्तीची हीच गत, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

वर्नाची आई जोसेट मिशनच्या शाळेत वाढलेली. तिथे पोरांनी ओजिब्वे शब्द काढला की तोंडात साबण कोंबायचे. म्हणून जोसेट आपल्या पोरांशी जन्मभर मोडक्यातोडक्या इंग्रजीतच बोलली. ओजिब्वे ठेवली शेजारणींसाठी आणि कुत्र्यांसाठी. दाराशी बर्फावरची घसरगाडी ओढणारी कुत्री होती. त्यांना ये, बस, खा, नीघ इथून, सगळं ओजिब्वेत. म्हणजे बघा, एकाच घरात कुत्र्यांना आईची भाषा मिळाली आणि पोरांना नाही! मला अजून याचा संताप येतो. पण काढायचा कुणावर? त्या साबण कोंबणाऱ्यांची हाडंही आता मातीत गेली.

म्हातारपणी जोसेटची आठवण विस्कटली. तिला शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. आधी नातवंडांची नावं गेली, मग इंग्रजी गेलं, सगळंच्या सगळं. उरली ती ओजिब्वे, आणि तिथल्या नर्सना तिचं ओ की ठो कळेना. कुणी समजावायला गेलं की म्हातारी तोंड फिरवायची. जेवण टाकलं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर ही उन्हाळा बघणार नाही.

वर्ना बस लावून रोज तिच्याकडे जायची. एकदा धीर करून तिनं लापशीचा चमचा पुढे केला आणि तोंडाला आला तो ओजिब्वे शब्द बोलली, "वीसिनिन!" म्हणजे, खा! आवाजही तोच, लहानपणी दाराशी ऐकलेला.

म्हातारीनं चमचा उडवून दिला. "मी काय कुत्री आहे तुझी?" ती ओजिब्वेत कडाडली.

वर्नाला शब्द न् शब्द कळला, पण उत्तर देता येईना. ती गाडीत जाऊन बसली आणि ढसाढसा रडली.

वस्तीच्या हॉलमध्ये मंगळवारी संध्याकाळी ओजिब्वेचा वर्ग भरायचा. शिकवायला डॅरिल मँडामिन, वर्नाच्या चुलतबहिणीचा मुलगा. पोरगा गुणी. थोडी भाषा आजोबांकडून आणि थोडी विद्यापीठातून शिकून आलेला, पण वस्तीच्या ऑफिसनं दिलेल्या पुस्तकाला जिवापाड घाबरायचा. वर्ना नाव घालून बसली, तेव्हा पुस्तकात रंग चालले होते.

"हिरवा कोण सांगेल? मावशी, तू सांग."

"डॅरिल, माझ्या आईनं मला आजवर एकदाही लापशीचा रंग विचारलेला नाही."

"विचारेल कशाला? वृद्धाश्रमातल्या लापशीला रंग असतो कुठे!" मागून म्हातारा एलिझर म्हणाला, आणि अख्खा वर्ग खिदळला.

डॅरिल हसला नाही. "पुढे प्राणी आहेत, मग आकडे, मग परीक्षा. ऑफिस निकाल मागतं गं. माझी नोकरी आहे ही."

"आणि तुझ्या परीक्षेपर्यंत माझी आई जगली नाही तर? तिला काय वाघ-सिंह मोजून दाखवू?"

डॅरिलनं पुस्तकाकडे पाहिलं, वर्नाकडे पाहिलं, आणि पुस्तक मिटलं.

"काय बोलायचंय तुला आईशी?"

"आई, अजून दोन घास खा ना. मी इथेच बसलेय. एवढंच."

डॅरिल डोकं खाजवायला लागला. "मावशी, खरं सांगू? मला हुकूम करता येतो, मनधरणी येत नाही. मला कुणी शिकवलीच नाही. आजोबांना विचारून सांगतो."

पुढच्या मंगळवारी तो वाक्य घेऊन आला आणि वर्गाला म्हणाला, "आजपासून ज्याला जे बोलायची गरज आहे ते त्यानं सांगायचं. मला येत असेल तर शिकवीन, नसेल तर मिळून शोधू. ऑफिसचं मी बघतो." एलिझरला बिंगोत जिंकणाऱ्या बायकोला टोमणा मारायचा होता. तोही सापडला.

वर्ना रिकाम्या बसमध्ये वाक्यं घोकायची. चुकायची, स्वतःलाच शिव्या घालायची, पुन्हा म्हणायची. मग एक दिवस तिनं चमचा पुढे केला आणि हळूच ते मनधरणीचं वाक्य बोलली. म्हातारी थबकली. तोंड उघडलं. दोन घास खाल्ले, मग आणखी दोन.

असे बरेच दिवस गेले. मग एका दुपारी खाता खाता जोसेट म्हणाली, "बरी येतेस गं तू. धाकटी ना माझी? मेरी-रोझ?"

मेरी-रोझ तिची बहीण, कधीच वारलेली. आपली लेक ही भाषा बोलते हे म्हातारीच्या गावीच नव्हतं.

"माझ्या वर्नाला मी एक शब्द शिकवला नाही," म्हातारी पुढे म्हणाली. "वाटलं, तिच्या तरी तोंडात साबण जायला नको. ती माझ्यावर रागावली असेल, नाही?"

रागावली तर होतीच वर्ना, जन्मभर. आणि याचं उत्तर ना पुस्तकात होतं, ना डॅरिलनं शिकवलं होतं. ते तिचं तिलाच जुळवायचं होतं. तिनं चमचा खाली ठेवला.

"नाही," ती अडखळत म्हणाली. "आता राग नाही. वर्ना इथे आहे. वर्ना बोलते."

"बोलते? तिला कुणी शिकवलं?"

"तू. तू कुत्र्यांशी बोलायचीस. मी ऐकायचे."

म्हातारीनं डोळे बारीक केले. "असं? मग आमच्या त्या काळ्याचं नाव सांग बघू."

"माकवा. तू 'बस' म्हणालीस की तो पळून जायचा."

जोसेट खुदकन हसली. मग तिनं लेकीचा हात धरून आपल्याकडे ओढला.

"वर्ना," ती म्हणाली, "लापशी गार झाली गं. दे लवकर."