दोन रकान्यांचं पान

तन्वीचा फोन आला तेव्हा मी हॉस्पिटलमधल्या माझ्या खोलीत बसलो होतो. "काका, आई गेली… सकाळी चहा टाकला आणि ओट्याला धरून खाली बसली, ती उठलीच नाही." मी काहीतरी विचारलं, तिने काहीतरी सांगितलं. फोन ठेवला आणि पहिल्यांदा मनात काय आलं ते लिहितो, कारण ते लिहायचं नसेल तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. दुःख नंतर आलं. आधी छातीवरचं काहीतरी सैल झालं. आता शैला मला कधीच विचारणार नाही, असं वाटलं. आणि मग त्या सैल होण्याचीच भीती वाटली.

शैला, तन्वीची आई, माझी मैत्रीण. आम्ही मुलुंडच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात जवळपास एकाच वेळी लागलो. मी कॉम्प्युटरच्या खोलीत, ती तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात. पेशंटच्या जेवणाची सगळी जबाबदारी तिच्यावर. माहेर कणकवलीकडचं, सासर भांडुपचं, आवाज असा की लिफ्टशी उभं राहिलं तरी तिने कुणाला झापलंय ते कळावं. मला सगळे मिलिंदसर म्हणायचे, ती म्हणायची मिल्या. रागावली की "मेल्या मिल्या". मी घाटकोपरहून डबा आणायचो, तो तिला बघवायचा नाही. "ह्याला भाजी म्हणतात? बायकोशी भांडलास काय? बस हय, आमटी घे." स्वयंपाकघरातला तिचा दरारा माणसांवर कमी, पदार्थांवर जास्त होता. कुठल्या पातेल्यात मीठ कमी आहे हे ती झाकण उचलायच्या आधी सांगायची, आणि ते बरोबर निघालं की स्वतःच खूश व्हायची.

आम्हा दोघांना बांधणारी गोष्ट म्हणजे रोज सकाळचं आहाराचं पान. वॉर्डातल्या सिस्टर प्रत्येक पेशंटची एक ओळ मशीनवर भरतात. खाट, नाव, आहाराचा प्रकार आणि शेवटी सूचना. प्रकार म्हणजे मऊ, मधुमेही, बिनमिठाचं, उपवास. सूचना म्हणजे दूध सोसत नाही, तिखट नको, अशा. या ओळींची एक साधी फाइल माझ्याकडे येते. ती आहे तशी प्रिंटरला सोडली तर ओळी पानाच्या घडीवर येतात, तारीख नाही, पान क्रमांक नाही. म्हणून मी ती आधी 'पीआर' नावाच्या एका जुन्या आज्ञेतून काढतो. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, बस. वर मथळा येतो, तारीख येते, पानं नीट तुटतात, खाली-वर कोरी जागा सुटते. नव्या लोकांना हसू येतं, पण इतकी वर्षं ते चाललंय, बिघडत नाही. ते पान घेऊन शैला मोठ्याने एकेक खाट वाचायची आणि बायका ताटं लावायच्या. बाकी कुणी पान बघायचं नाही. सगळ्यांचे हात भरलेले.

काही वर्षांपूर्वी वरून कागद वाचवायचा हुकूम निघाला होता. व्यवस्थापक साहेब येता-जाता म्हणायचे, "अर्धं पान तर कोरंच जातं तुमचं." खरं होतं ते. या आज्ञेत एक सोय आहे, आडवी रेघ आणि दोनचा आकडा जोडला की मजकूर दोन रकान्यांत बसतो. मी ते जोडलं. पान बाहेर आलं तेव्हा किती देखणं दिसलं! डावीकडे अर्धे पेशंट, उजवीकडे अर्धे. मी वरच्या चार ओळी बघितल्या, मथळा बघितला आणि पान खाली पाठवून दिलं. मला त्या आज्ञेची एक खोड माहीत होती… माहीत होती, हे मी आज लिहितो आहे. रकान्यात न मावणारी ओळ ती खाली उतरवत नाही. सरळ कापते. आणि कापली, असं कुठे सांगत नाही.

थोड्या वेळाने शैलाचा फोन आला. "काय रे मिल्या, आज सगळे धडधाकट झाले काय? कुणाक काय नको-बिको नाय?"

"म्हणजे?"

"अरे सूचना दिसत नाहीत एकपण. बघ ना जरा."

समोर फाइल उघडी होती. दोन सेकंदांचं काम. पण माझा चहा आला होता आणि आपण केलेल्या झकास पानावर कुणी बोट ठेवलं याचा जरासा रागही होता. मी न बघता म्हणालो, "नसतील. जे आलंय तेच छापलंय."

"बरं बाबा," ती म्हणाली. माझ्यावर विश्वास होता तिचा.

त्या दिवशी संकष्टी होती. आदल्या संध्याकाळी दाखल झालेल्या एका बाईंच्या ओळीत प्रकार होता उपवास आणि शेवटी सूचना होती, शेंगदाणे अजिबात नको. अशा पेशंटसाठी शैला खिचडी वेगळी करायची, कूट न घालता, जिऱ्यावर, बटाटा जास्त घालून. कितीतरी वेळा मी तिला ते वेगळं छोटं पातेलं राखताना पाहिलं होतं. त्या दिवशी सगळी खिचडी एकाच पातेल्यातून गेली.

मी खाली पाणी प्यायला आलो होतो. स्वयंपाकघरातला फोन वाजला, शैलाने उचलला आणि तिचा चेहरा असा झाला की मी विचारलंच नाही. लिफ्ट वर अडकली होती. ती जिन्याने धावली आणि तिच्यामागे मी. वॉर्डाच्या दारात पोचलो तेव्हा त्या बाईंचे ओठ, डोळे सुजून चेहरा ओळखू येत नव्हता, आणि त्या श्वास घेत होत्या त्याचा आवाज… तो आवाज मी वर्णन करून सांगणार नाही. त्यांचा मुलगा ताट हातात घेऊन ओरडत होता, "कूट आहे यात! सांगितलं होतं ना सिस्टरला! सांगितलं होतं ना!" डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं होतं, दुसरं भरत होते. शैला भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या तोंडून एकच निघत होतं, "देवा, श्वास घे गो बाय, श्वास घे."

मला तिथेच कळलं. डोळ्यांसमोर ते दोन रकाने आले आणि प्रत्येक ओळीचा तुटलेला शेवट. त्या बाईंचा श्वास मोकळा होईपर्यंत मी थांबलो नाही. शैलाला तिथे सोडून मी माझ्या खोलीत आलो, दार लोटलं आणि आज्ञेतली ती आडवी रेघ आणि तो दोनचा आकडा खोडून टाकला. टाइप करताना एकही चूक झाली नाही. बाई वाचल्या, हे मला नंतर कॅन्टीनमध्ये दुसऱ्या कुणाकडून कळलं.

चौकशी लगेच झाली. सकाळचं पान ओल्या कचऱ्यात जाऊन नाहीसं झालेलं. साहेबांनी मला सांगितलं, तेच पान पुन्हा काढून द्या. मी काढून दिलं. एका रकान्यातलं. त्यावर सूचना ठळक होती, शेंगदाणे अजिबात नको. सिस्टर सुटल्या. शैला म्हणत होती, "पानावर नव्हतं साहेब. एकपण सूचना नव्हती." साहेबांनी कागद तिच्यापुढे धरला. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे बघितलं. "मिल्या, मशीन असं गाळतं काय रे कधी?"

मी म्हणालो, "मशीन कसं गाळेल? जे असतं ते छापतं."

"मी तुला फोन केला होता ना?"

"रोजच करतेस," मी म्हणालो. "आजचं नेमकं आठवत नाही."

घाबरलो होतो. नोकरी जाईल, पोलीस येतील, त्या मुलाच्या हाताला सापडू… एवढीच भीती होती आणि ती मला पुरली. वाटलं, शैला भांडेल. तिच्या स्वभावाप्रमाणे टेबल आपटून म्हणेल, मी बघितलंय माझ्या डोळ्यांनी. पण तो कागद हातात घेऊन ती हळूच म्हणाली, "मग मलाच दिसलं नसेल." बस. तिला पानावरून काढलं आणि भाजी निवडायला बसवलं.

त्यानंतर जी भीती सुरू झाली ती माझ्यापेक्षा तिची मोठी होती. ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. नजर चांगली निघाली. मला येऊन सांगितलं, "डोळे ठीक आहेत म्हणे. म्हणजे डोक्यात बिघाड आहे, मिल्या. समोर असलेलं दिसत नाही मला." हसत सांगितलं, पण डोळे हसत नव्हते. बसचा नंबर ती शेजारच्याला विचारून चढायची. गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव तन्वीकडून वाचून घ्यायची, मग पुन्हा वाचून घ्यायची. जिने झाकण न उचलता पातेल्यातलं मीठ ओळखलं, ती, मी तिच्या घरी गेलो की, डबा उघडून माझ्यापुढे धरायची आणि विचारायची, "ही साखरच ना रे?" साखरच असायची. मी "हो" म्हणायचो. दर खेपेला तिथेच सांगून टाकावं असं वाटायचं, आणि दर खेपेला मी डब्याचं झाकण लावून द्यायचो. आता सांगितलं तर इतकी वर्षं का नाही सांगितलं, हेही सांगावं लागेल… भीतीला असंच व्याज चढतं. निवृत्तीच्या आधीच तिने नोकरी सोडली. मी दर गणपतीला तिच्या घरी भांडुपला जायचो. ती वाढायची आणि मी खाली मान घालून जेवायचो.

दिवसकार्य झाल्यावर मी तन्वीकडे गेलो आणि सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. संपल्यावर म्हणाली, "तुम्ही दर गणपतीला आमच्याकडे जेवायला यायचात, काका."

मी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"आई मला रात्री उठवून विचारायची, गॅस बंद आहे ना बघ, मला दिसतोय तसा आहे ना. मी वैतागायचे तिच्यावर. एकदा तर म्हटलं, वेड लागलंय तुला." तिने तोंड फिरवलं. "मला सांगून तुम्ही मोकळे होणार का? तिला जिथे आंधळी ठरवलं ना, तिथे जाऊन सांगा. मग या. नाहीतर येऊ नका."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या खोलीत गेलो. आता साहेब दुसरे आहेत. त्यांनी ऐकून घेतलं आणि लेखी मागितलं. मी लिहून दिलं. पुढे काय होईल ते होईल, त्याची भीती वाटते आहे, हे लिहितानाही वाटते आहे. पण तन्वी म्हणाली ती जागा साहेबांची खोली नव्हे. ती तळमजल्यावर आहे. त्या संकष्टीनंतर मी तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. पान शिपायाच्या हातून पाठवायचो, पाणी वरच प्यायचो.

सकाळची ताटं लागायची वेळ होती. आत गेलो तर शैलाच्या हाताखाली शिकलेली वैशाली पान घेऊन उभी होती. बरोबर एक दुसरी बाई, वैशालीच्या खांद्यावरून त्याच पानाकडे बघणारी. वैशाली एक ओळ वाचायची, दुसरी तीच ओळ शेवटापर्यंत पुन्हा म्हणायची आणि मगच ताट पुढे सरकायचं. हे आधी नव्हतं. मी काही बोलणार तेवढ्यात वैशाली म्हणाली, "थांबा हां सर. पान मध्ये सोडायचं नाही. शैलाताईंची शपथ आहे."

"शैलाची?"

"भाजी निवडायला बसायच्या ना त्या कोपऱ्यात, तिथून ओरडायच्या. एकटीने वाचू नका गो, एकटीच्या डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. आम्ही हसायचो आधी. आता सवयच लागली."

मी त्या कोपऱ्याशी उभा राहिलो. त्या वाचत राहिल्या. खाट, नाव, प्रकार, सूचना… खाट, नाव, प्रकार, सूचना… एकीचा आवाज, त्यामागून दुसरीचा. माझे पाय दारापर्यंत एकदा जाऊन आले. शेवटचं ताट सरकलं, वैशालीने पान दुमडलं, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "हां सर, बोला."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, "त्या दिवशी पानावर खरंच एकपण सूचना नव्हती. शैलाला बरोबर दिसलं होतं."